रॅम पुसली की चालतो, आठवड्याने परत बोंबलतो: बीपवरून बिघाड शोधताना

“दादा, मशीन चालू व्हईना गेलंय, नुसतं टूं टूं करायलंय.” परभणी-हिंगोलीकडच्या सेवा केंद्रातून येणारा फोन बहुतेक याच वाक्याने सुरू होतो. दुसरं वाक्यही ठरलेलं असतं: “मागच्या बारीला रॅम काढून पुसली, तर चालू झालता.” वेळही ठरलेली. पीक विम्याच्या अर्जाची मुदत संपत आलेली असते, नाहीतर दहावीचा निकाल लागून दाखल्यांसाठी दारात रांग लागलेली असते.

रॅम (चालू काम तात्पुरतं लक्षात ठेवणारी पट्टी) पुसल्यावर मशीन चालू झालं, एवढ्यावरून दोष रॅममध्येच होता असं ठरत नाही. रॅम काढताना तुम्ही आधी वायर काढली, म्हणजे पाच-दहा मिनिटं एसएमपीएसला, भिंतीची वीज मशीनला लागेल तशी करून देणाऱ्या पेटीला, विश्रांती मिळाली. डबा आडवा केला. रॅम परत बसवताना बोर्डावर (सगळे पार्ट जिला जोडलेले असतात त्या मदरबोर्डाच्या पाटीवर) चांगलाच दाब दिला. त्या भरात एखादी सैल वायरही घट्ट बसली असेल. पुसणं हे या पाच गोष्टींतलं फक्त एक. मशीन नेमकं कशाने चालू झालं हे कळलं नाही, म्हणून ते आठवड्याने परत बंद पडतं. बीपचा अर्थ आणि हा ‘नेमकं कशाने’चा शोध, दोन्ही सोबतच करावे लागतात.

आधी ओरडतंय कोण ते बघा

हसण्यावारी नेऊ नका. ‘कॉम्प्युटर ओरडतो’ म्हणून आलेल्या तक्रारींत टेबलाखालचा यूपीएस ओरडत असल्याची कितीतरी प्रकरणं असतात. लाईट गेली की यूपीएस ठरावीक अंतराने बीप देतो, बॅटरी संपत आली की भराभर देतो. बॅटरी जुनी झाली असेल तर लाईट असतानाही कुरकुर चालू राहते. सीपीयूच्या डब्याची वायर काढा. तरी आवाज चालूच असेल तर डबा उघडायची गरज नाही, यूपीएसची बॅटरी बदला.

दुसरा संशयित कीबोर्ड. त्याच्यावर फाईलचा गठ्ठा ठेवलेला असतो, किंवा चहा सांडून एखादं बटण खाली चिकटलेलं असतं. मशीन सुरू होताना बटण दाबलेलंच राहिलं तर काही बोर्ड लहान लहान बीप देत राहतात. कीबोर्ड काढून चालू करून बघा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

तिसरी गोष्ट, बीप कधी येतो? विंडोज पूर्ण सुरू झाल्यावर, काम चालू असताना बीप यायला लागला तर तो या लेखातला बीप नव्हे. तो बहुधा प्रोसेसर तापल्याचा किंवा पंखा थांबल्याचा इशारा असतो. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या दुकानात हे नेहमीचं आहे. पंख्यात अडकलेला कचरा काढा, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदला. पुढचं सगळं बटण दाबल्यापासून पहिल्या काही सेकंदांत, पडदा काळा असताना येणाऱ्या बीपबद्दल आहे.

बीप येतो म्हणजे काय होतं

बटण दाबलं की एसएमपीएस आपले ३.३, ५ आणि १२ व्होल्ट स्थिर करतो आणि बोर्डाला ‘पॉवर गुड’चा इशारा देतो. तो मिळाल्यावर प्रोसेसर जागा होतो आणि बोर्डावरच्या चिपमधला ‘बायोस’ नावाचा प्रोग्राम चालवायला घेतो. तो प्रोग्राम शाळेतल्या गुरुजींसारखी हजेरी घेत जातो: बायोस शाबूत आहे का, टायमर चालतो का, रॅम आहे का, ग्राफिक्स आहे का. या हजेरीला ‘पोस्ट’ म्हणतात. ग्राफिक्स हाती येईपर्यंत पडद्यावर एक अक्षरही लिहिता येत नाही. त्याआधी काही अडलं तर बायोसकडे सांगायला एक लहानसा स्पीकर तेवढा असतो.

ही पद्धत १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीपासून चालत आली आहे. त्यात एक छोटा बीप म्हणजे सगळं ठीक, आणि एक लांब व दोन छोटे म्हणजे डिस्प्लेची अडचण.

यातून दोन गोष्टी निघतात, आणि दुकानात बसलेल्या माणसाला पुढच्या सगळ्या कोडपेक्षा त्या जास्त कामाच्या आहेत. पहिली: बीप येतोय म्हणजे प्रोसेसर जिवंत आहे, बायोस वाचली जातेय आणि बोर्डाचा बराच भाग शाबूत आहे. ओरडणारं मशीन हे गप्प बसलेल्या मशीनपेक्षा केव्हाही बरं. दुसरी: बीप सांगतो की हजेरी कुठे अडली. कोणता पार्ट मेला हे तो सांगत नाही. रॅमच्या बीपमागे रॅमची पट्टी असू शकते, ती बसते तो स्लॉट असू शकतो, रॅमला वीज देणारा बोर्डावरचा भाग असू शकतो, आणि प्रोसेसरसुद्धा असू शकतो. आजच्या मशीनमध्ये रॅम सांभाळणारा कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो. एएमडीने तो २००३ च्या सुमाराला आत घेतला, इंटेलने २००८ मध्ये कोअर आय मालिकेपासून.

मोजा, पण कानाने नको

मोबाईलवर व्हिडिओ काढा. बटण दाबताना रेकॉर्डिंग आधीच चालू असू द्या आणि बीपचं एक पूर्ण चक्र, मधली शांतता आणि परत तेच चक्र, एवढं येऊ द्या. घाईत ऐकताना एक लांब बीप दोन छोट्यांसारखा वाटतो आणि पहिला बीप पंख्याच्या घरघरीत बुडतो. व्हिडिओत डब्यावरचा पॉवरचा दिवाही दिसू द्या, त्याचं कारण पुढे येईल. दुकानदाराला व्हॉट्सॲपवर पाठवायलाही हाच व्हिडिओ उपयोगी पडतो. “लई बीप देतोय” यावरून कोणालाच काही सांगता येत नाही.

मशीन बिलकूल आवाज देत नसेल तर आधी आत स्पीकर आहे का ते पाहा. अलीकडचे बरेच कॅबिनेट स्पीकरशिवायच येतात. बोर्डाच्या कडेला, जिथे पॉवर बटणाच्या बारीक वायरी लागतात तिथेच आसपास ‘स्पीकर’ असं छापलेल्या चार पिना असतात. तिथे बसणारा शेंगदाण्याएवढा बझर कॉम्प्युटरच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळतो. ज्याच्या केंद्रात तीन-चार मशीन आहेत त्याने दोन बझर ड्रॉवरमध्ये टाकून ठेवावेत. अर्धं निदान त्यात आहे.

एकच आवाज, दोन अर्थ

आता कोड. इथेच बहुतेक जण फसतात. इंटरनेटवर सापडलेला पहिला तक्ता सगळ्या मशीनना लावतात. पण बायोस अवॉर्ड, एएमआय, फिनिक्स अशा वेगवेगळ्या कंपन्यांची असते आणि प्रत्येकीचे कोड वेगळे.

एक लांब आणि दोन छोटे हे उदाहरण घ्या. जुन्या अवॉर्ड बायोसमध्ये याचा अर्थ ग्राफिक्सची अडचण. गिगाबाईटच्या त्या काळातल्या मॅन्युअलमध्येही तोच, मॉनिटर किंवा ग्राफिक्स कार्ड. पण आसुसच्या अलीकडच्या बोर्डवर एक लांब, दोन छोटे, थांबून परत तेच, म्हणजे रॅमच सापडत नाही. तिथे ग्राफिक्ससाठी एक लांब आणि तीन छोटे वाजतात, आणि एक लांब चार छोटे म्हणजे इतर हार्डवेअरचा दोष. म्हणजे तोच आवाज ऐकून एक जण ग्राफिक्स कार्ड विकत आणेल आणि दुसरा रॅम, आणि दोघांपैकी एकाचे पैसे वाया जातील. बोर्डावर छापलेलं नाव आणि मॉडेल आधी वाचा, मग त्याच बोर्डाचं मॅन्युअल उघडा.

जुन्या एएमआय बायोसमध्ये फक्त मोजायचं असतं, लांब-छोट्याची भानगड कमी. १, २ आणि ३ बीप हे तिन्ही रॅमच्या घरातले, तिच्या वेगवेगळ्या चाचण्या अडल्याचे. ५ म्हणजे प्रोसेसर, ६ म्हणजे कीबोर्ड कंट्रोलर, ८ म्हणजे डिस्प्लेची मेमरी, ९ म्हणजे बायोसचा चेकसम (ती शाबूत आहे का हे तपासायची बेरीज) जुळत नाही. गोंधळ एवढाच की मशीन सुरळीत चालू झालं तरी एक छोटा बीप येतो. त्यामुळे एका बीपवर घाबरायचं की नाही हे पडद्याकडे बघून ठरवा. डिस्प्ले आला असेल तर तो ‘सगळे हजर’चा बीप आहे.

फिनिक्स बायोस बीपचे गट पाडते, एक-तीन-एक-एक असे. गटांमध्ये लहानशी विश्रांती असते. ती पकडायला व्हिडिओच हवा. एक-तीन-एक-एक म्हणजे रॅमची एक चाचणी अडली.

गिगाबाईटच्या जुन्या मॅन्युअलमधला एक कोड मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे: सतत लहान लहान बीप म्हणजे विजेची अडचण. आपल्या भागात तो ऐकू येतो आणि लोक रॅम घासत बसतात.

आपल्याकडच्या केंद्रांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत निम्मी मशीन कंपन्यांमधून निघालेली, रिफर्बिश्ड डेल नाहीतर एचपी असतात. नांदेड-देगलूरकडे ती हैदराबादहून येतात, इकडे पुण्या-मुंबईहून. त्यांची भाषा वेगळी. डेलच्या ज्या मशीनवर बीप आहेत त्यात २ म्हणजे रॅम सापडली नाही, ४ म्हणजे रॅम सापडली पण चाचणीत नापास झाली. हा फरक मोलाचा आहे. दोनला स्लॉट आणि संपर्क बघायचा, चारला पट्टी बदलायची तयारी ठेवायची. १ आणि ३ बोर्डाकडे बोट दाखवतात, ५ बोर्डावरच्या घड्याळाच्या सेलकडे, ६ ग्राफिक्सकडे, ७ प्रोसेसरकडे. डेलच्याच नंतरच्या ऑप्टिप्लेक्स मॉडेलमध्ये हेच पॉवरच्या दिव्यातून कळतं. दिवा आधी पिवळट आणि मग पांढरा लुकलुकतो: दोन आणि तीन म्हणजे रॅम सापडली नाही, दोन आणि चार म्हणजे रॅम बिघडली, तीन आणि एक म्हणजे सेल संपला.

एचपीच्या जुन्या ऑफिस मॉडेलमध्ये लाल दिवा आणि बीप सोबत चालतात. ५ म्हणजे रॅम, ६ ग्राफिक्स, ४ एसएमपीएस, २ प्रोसेसर तापला. त्यात एक गंमत आहे. पाच चक्रांनंतर बीप थांबतात, दिवा मात्र लुकलुकत राहतो. तुम्ही चहा घेऊन आलात तर मशीन गप्प असेल आणि तुम्ही म्हणाल, बीप येतच नाही. म्हणून व्हिडिओत दिवा हवा. नंतरच्या एचपीत लांब आणि छोटे असे दोन आकडे असतात. तीन लांब दोन छोटे रॅमशी अडतात, तीन लांब तीन छोटे ग्राफिक्सशी.

सगळी रॅम काढून चालू करा

कोड सापडो न सापडो, ही चाचणी कराच. मशीन बंद, वायर काढलेली, पॉवरचं बटण पाच-सहा सेकंद दाबून उरलेली वीज उतरवलेली. डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज जाऊ द्या. थंडीत, कोरड्या हवेत ती जास्त असते. आता सगळ्या रॅम काढा आणि रिकाम्या स्लॉटसकट चालू करा.

‘रॅम नाही’ म्हणून जोरात बीप आला तर बोर्ड, प्रोसेसर, बायोस आणि एसएमपीएस किमान इतपत तरी काम करताहेत. बिघाड रॅम आणि तिच्या आसपास आहे. स्पीकर असूनही बीप आला नाही तर रॅम पुसण्यात काही अर्थ नाही, सरळ शेवटच्या भागात जा.

बीप आला असेल तर एक पट्टी एका स्लॉटमध्ये लावा, मग तीच दुसऱ्यात. दुसरी पट्टी तशीच. कागदावर लिहून ठेवा. पट्टी कुठेही लावली तरी अडते तर पट्टी खराब. कोणतीही पट्टी एकाच स्लॉटमध्ये अडते तर स्लॉट, किंवा प्रोसेसरचा तेवढा भाग. सगळीकडे कधी चालते कधी अडते, तर मामला संपर्काचा किंवा विजेचा, आणि आपला ‘परत परत’वाला बिघाड बहुतेक याच कप्प्यात असतो.

रॅम जोडीदाराच्या मशीनमधून उसनी आणत असाल तर खाच जुळते का बघा. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन पिढ्या: डीडीआर३ ला २४० पिना असतात आणि ती १.५ व्होल्टवर चालते, डीडीआर४ ला २८८ आणि १.२ व्होल्ट. खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे बसणारच नाही. जोर लावून बसवणारे महाभाग आहेत, त्यांच्यासाठी हे वाक्य.

परत परत का येतो

रॅमच्या कडेच्या सोनेरी पिनांवर सोन्याचा थर असतो तो एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. खोडरबर हलक्या हाताने एकदा फिरवला तर चालतं. दर आठवड्याला रगडला तर सोनं जातं, खालचा धातू उघडा पडतो आणि तो पहिल्यापेक्षा लवकर काळा होतो. म्हणजे दर वेळी पुसण्याने पुढचा बीप जवळ येतो. रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो तो वेगळाच. त्याऐवजी मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे मिळणारं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) तंतू न सोडणाऱ्या कापडावर घेऊन पुसा आणि पूर्ण वाळू द्या. हँड सॅनिटायझर नको, त्यातल्या बऱ्याच प्रकारांत ग्लिसरीन असतं, ते चिकट थर सोडतं. पेट्रोल तर अजिबात नको. आजही ते वापरणारे भेटतात.

आणि पट्टी पुसून स्लॉट तसाच ठेवला तर काम अर्धंच झालं. आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात मोंढ्यात सोयाबीन येतं तेव्हा भुसा हवेत असतो, त्यानंतर जिनिंग सुरू झालं की कापसाचे बारीक तंतू. मोंढ्याजवळच्या किंवा लातूरच्या डाळमिलच्या आसपासच्या दुकानात डबा उघडला की हे सगळं थरावर थर दिसतं. कोरडी असताना ही धूळ फारसं बिघडवत नाही. मृगाचा पाऊस पडला की ती ओल धरते आणि पिनांमध्ये नको तिथे वीज झिरपू लागते. जूनमध्ये असे फोन वाढतात ते यामुळे. स्लॉटला ब्लोअर मारा, पण पंख्यांना बोट लावून धरा, वाऱ्याने ते भन्नाट फिरू देऊ नका. मऊ कोरड्या ब्रशने स्लॉट झाडा. डबा जमिनीवर असेल तर एक वीतभर तरी उंच ठेवा. भिंतीला चिकटलेला असेल तर सरकवा. डब्याच्या मागच्या उघड्या खाचा, जिथे कार्डच्या पट्ट्या निघून गेलेल्या असतात, त्या बंद करा. उंदीर तिथूनच आत जातो, आणि त्याच्या मुताने गंजलेला बोर्ड कोणत्याही आयपीएने सुधारत नाही. पाल एसएमपीएसमध्ये शिरून शॉर्ट झालेली मशीनही येतात.

तापमानाचाही वाटा आहे. परभणीत मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो आणि डिसेंबर-जानेवारीत १० च्या खाली येतो. डब्याच्या आत तर रोज तापणं-निवणं चालूच. त्या प्रसरण-आकुंचनाने रॅमची पट्टी स्लॉटमध्ये केसभर हलत राहते आणि संपर्काच्या जागी बारीक झीज होते. दोन्ही बाजूंची क्लिप ‘टक’ करून बसली नसेल तर हे लवकर होतं. जुन्या बोर्डात एका बाजूची क्लिप तुटलेली असते आणि कोणी ती गांभीर्याने घेत नाही. तो स्लॉट सोडून दुसरा वापरा.

प्रोसेसरचा पंखा नुकताच काढून बसवला असेल आणि त्यानंतरच रॅमचा बीप सुरू झाला असेल, तर रॅमला हात लावू नका. पंख्याच्या चार पायांपैकी एक नीट रुतला नसेल तर प्रोसेसर सॉकेटवर तिरका दाबला जातो आणि रॅमकडे जाणाऱ्या काही पिनांचा संपर्क सुटतो. पंखा परत नीट बसवा, गरज पडली तर प्रोसेसर उचलून सॉकेटमधल्या पिना वाकल्यात का ते मोबाईलच्या टॉर्चखाली बघा. वाकलेल्या असतील तर स्वतः सरळ करायच्या फंदात पडू नका.

आता विजेचं. माझ्या मते ‘रॅम पुसली की चालतो’ म्हणणाऱ्या मशीनपैकी बऱ्याच मशीनचा खरा रोगी एसएमपीएस असतो. ओळखायला एक प्रश्न पुरतो: डबा न उघडता कधी चालू झालाय का?

सकाळी दुकान उघडलं, मशीनने बीप दिले. काहीही करू नका. वायर लागलेली राहू द्या, पाच मिनिटांनी बटण दाबून बंद करून परत चालू करा. दोन-तीनदा असं केल्यावर, रॅमला हात न लावता मशीन सुरू झालं आणि मग दिवसभर बंद-चालू केलं तरी बीप नाही, तर रॅम निर्दोष आहे. जुने कपॅसिटर (वीज साठवून ती स्थिर ठेवणारे डबीसारखे पार्ट) थंड असताना नीट काम करत नाहीत, जरा गरम झाले की चालतात. एसएमपीएसमधले असतील किंवा बोर्डावर प्रोसेसरच्या भोवतीचे. बोर्डावरचे तर डोळ्यांनी दिसतात: वरचं झाकण सपाट हवं, फुगलेलं किंवा तपकिरी डाग पडलेलं असेल तर कारण सापडलं. एसएमपीएस मात्र उघडून बघू नका. वायर काढल्यावरही त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज साठलेली राहू शकते. दुसरा चांगला एसएमपीएस लावून चार दिवस चालवून बघा. मल्टिमीटर असेल तर मशीन चालू असताना १२ व्होल्टची पिवळी वायर ११.४ ते १२.६ मध्ये आणि ५ व्होल्टची लाल वायर ४.७५ ते ५.२५ मध्ये असायला हवी.

वेळेची नोंद ठेवा. रब्बीत शेतीपंप चालू होण्याच्या वेळी व्होल्टेज पडतं आणि नेमके तेव्हाच बीप येत असतील, तर मीटर भिंतीच्या सॉकेटला लागला पाहिजे, रॅमला नाही. एसएमपीएसच्या लेबलवर तो किती व्होल्टपासून चालतो ते छापलेलं असतं. सॉकेटचं मोजमाप वायरमनकडून करून घ्या आणि त्याच फेरीत अर्थिंगही. डब्याच्या पत्र्याला हात लावला की झणझण येत असेल तर अर्थिंग नाही किंवा नावापुरतं आहे. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमुळे अर्थिंग नसलेल्या डब्यावर २३० च्या साधारण निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं. करंट कमी असतो, पण मशीनला आणि जोडलेल्या प्रिंटरला तो त्रास देतो. आपल्या काळ्या मातीत उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, खड्ड्यातली माती अर्थिंगच्या पाइपापासून सुटते. खड्डा असूनही अर्थिंग मिळत नाही ते त्यामुळे. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी टाकत राहा. थ्री-पिनची मधली पिन तोडून टू-पिन सॉकेटला लावलेला एक्स्टेन्शन बोर्ड दिसला तर तो आधी फेकून द्या.

ग्राफिक्स आणि सेल, थोडक्यात

ग्राफिक्सचा कोड आला आणि बोर्डावरच डिस्प्लेचं पोर्ट असेल तर वेगळं कार्ड काढून त्या पोर्टला मॉनिटर लावून बघा, प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर डिस्प्ले येईल. मात्र बोर्डावरचं ग्राफिक्स रॅममधलीच जागा वापरतं, म्हणून रॅम अर्धवट बसलेली असताना कधी कधी ग्राफिक्सची तक्रार ऐकू येते.

सेल म्हणजे सीआर२०३२, ३ व्होल्टचा. दुकान बंद करताना मेन स्विच पाडत असाल तर रात्रभर घड्याळ सेलवरच चालतं, आणि भारनियमन असलेल्या गावात दिवसाही. त्यामुळे इकडे सेल लवकर उतरतो. लक्षण बीपआधी तारखेत दिसतं: तारीख मागच्या कुठल्यातरी वर्षात जाते, सरकारी पोर्टल ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणतं, डिजिटल सहीही अडते. लोक नेटवाल्याला फोन करतात. सेल बदला, बायोसमध्ये तारीख घाला.

बीपच नाही

स्पीकर लावलाय, रॅम काढली, तरी गप्प. आता क्रम असा. पंखा फिरतो का? नसेल फिरत तर बटणाची वायर आणि एसएमपीएस. एसएमपीएस मशीनमधून पूर्ण सोडवून २४ पिनी कनेक्टरची हिरवी वायर शेजारच्या काळ्या वायरीला तारेच्या तुकड्याने जोडली की त्याचा पंखा फिरायला हवा. फिरला म्हणजे तो पूर्ण ठीक आहे असं नाही, पण न फिरला तर गेला.

पंखा फिरतो पण बीप नाही, तर प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा वेगळा पॉवर कनेक्टर बघा. साफसफाई करणाऱ्याने तो काढून परत लावायचा राहिला, असं होतं. मग सगळी कार्डं, हार्ड डिस्क, समोरच्या यूएसबीच्या वायरी सोडवा आणि फक्त बोर्ड, प्रोसेसर, एसएमपीएस, स्पीकर एवढ्यावर चालू करा. समोरच्या यूएसबी पोर्टात पेनड्राइव्ह घालून-काढून आतल्या पिना चिकटलेल्या असतात आणि तेवढ्यानेही बोर्ड उठत नाही. नव्या बोर्डावर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार बारीक दिवे असतील तर कोणता जळत राहतो ते पाहा, त्याचं काम बीपसारखंच. त्यानंतर सेल काढून, वायर नसताना दहा मिनिटं थांबून बायोस रिसेट करून बघा.

एवढं करूनही गप्प असेल तर बोर्ड किंवा प्रोसेसर, आणि ते घरी ठरवता येत नाही. दुकानात ‘पोस्ट’च्या हजेरीचे टप्पे दाखवणारं कार्ड बोर्डाला लावून दोन आकडी कोड वाचतात, त्यावरून हजेरी कुठे अडली ते कळतं. मशीन देताना व्हिडिओ, कोणत्या स्लॉटला कोणती पट्टी चालली त्याचा कागद आणि बिघाड दिवसाच्या कोणत्या वेळी येतो ते सांगा. हार्ड डिस्क मात्र काढून स्वतःकडे ठेवा. बोर्ड गेला म्हणून तिच्यातलं काही जात नाही. शेजारच्या मशीनला दुसरी डिस्क म्हणून लावली की अर्जांच्या फाईली आणि स्कॅन मिळतात, आणि रांगेतल्या लोकांचं काम त्याच दिवशी पुढे चालू करता येतं.